व्हँपायर
मृत्यूनंतर थडग्यातून बाहेर पडून जिवंत माणसांचे रक्त शोषणारे प्रेत, अशी पूर्व व आग्नेय यूरोपातील एक लोकसमजूत. मराठीत तिच्यासाठी ‘रक्तपिशाच’ हा शब्द रूढ झाला आहे. तथापि तो काहीसा दिशाभूल करणारा आहे. आपल्याकडे पिशाच म्हटले, की देह सुटल्यावर उरलेले वासनामय अस्तित्व अभिप्रेत असते. व्हँपायर म्हणजे याच्या नेमके उलट. त्याचा आत्मा गेला किंवा नाही हा प्रश्न गौण असून, पुरलेला देह कुजत नाही, तो फुगतो, हालचाल करतो आणि गावकऱ्यांना मारतो, ही त्या कल्पनेतील मुख्य गोष्ट होय. त्यामुळे त्याच्यावरील उपायही मंत्रतंत्रापेक्षा कुदळ, मेख आणि अग्नी यांनीच केले जात.

शब्द व त्याची नातलग रूपे : ‘व्हँपायर’ हा शब्द सर्बियन ‘वांपिर’ या शब्दावरून जर्मनमध्ये व तेथून फ्रेंच आणि इंग्रजी भाषांत गेला. १७२५ मध्ये व्हिएन्नाच्या वृत्तपत्रात तो छापला गेला आणि १७३२ मध्ये लंडनच्या वृत्तपत्रांतून इंग्रजी वाचकांना परिचित झाला. स्लाव्ह भाषांत त्याची अनेक भावंडे आहेत. रशियन व युक्रेनियनमध्ये ‘उपिर’, पोलिशमध्ये ‘उपिऊर’, तर चेकमध्ये ‘उपीर’ असे म्हणतात. जुन्या रशियन लिखाणात हा शब्द इ. स. १०४७ मध्येच आढळतो. नॉव्हगोरॉडच्या राजपुत्रासाठी ग्रंथाची नक्कल करणाऱ्या एका धर्मोपदेशकाने ग्रंथाच्या शेवटी स्वतःचा उल्लेख ‘उपिर लिखी’ असा केला आहे. मात्र ते टोपणनाव होते की दुसऱ्याच एखाद्या भाषेतील नावाचे रूपांतर, याविषयी विद्वानांत मतभेद आहेत. शब्दाच्या व्युत्पत्तीबाबतही एकमत नाही. एकोणिसाव्या शतकातील स्लाव्ह भाषापंडित मिक्लोशिच यांनी तो तुर्की भाषांतील चेटकीणवाचक ‘उबिर’ या शब्दाशी जोडला होता. पुढील संशोधकांपैकी अनेकांचा कल मूळ स्लाव्ह धातूकडे आहे.

सर्बियात या प्रेताला ‘वुकोद्लाक’ असेही म्हणतात. या शब्दाचा मूळ अर्थ ‘लांडग्याची लव असलेला’, म्हणजेच वृकमानव. लांडगा होणारा जिवंत मनुष्य आणि थडग्यातून उठणारे प्रेत या दोन कल्पना दक्षिण स्लाव्ह लोकांत एकमेकींत मिसळल्या, याची खूण या शब्दात राहिली आहे. हाच शब्द ग्रीकांनी ‘व्ह्रिकोलाकास’ असा उचलला. रूमानियातील ‘स्त्रिगोय’, अल्बेनियातील ‘श्त्रिगा’ व इस्त्रियातील ‘श्त्रिगोन’ हे शब्द मात्र वेगळ्या कुळातले आहेत. त्यांचे मूळ लॅटिन ‘स्त्रिक्स’मध्ये आहे. रोमन लोकांच्या समजुतीप्रमाणे स्त्रिक्स हा रात्री किंचाळणारा, पाळण्यातील मुलांचे रक्त पिणारा पक्षी होय. ऑव्हिड या कवीने आपल्या फास्ती या काव्यात त्याचे वर्णन केले आहे. प्रेताशी त्याचा काही संबंध नव्हता.

लोकसमजुतीतील स्वरूप : कादंबऱ्या व चित्रपट यांतील फिकट, कृश आणि अभिजात वेशातील व्हँपायर खेडुतांच्या समजुतीत आढळत नाही. गावकऱ्यांचा व्हँपायर सामान्य शेतकरी असे. चेहरा तांबूस, देह फुगलेला, नखे व दाढी वाढलेली आणि अंगावर मळके कफन, असे त्याचे रूप होते. तो दूरच्या प्रवाशांना सहसा गाठत नसे. प्रथम आपल्या घरच्यांकडे, मग शेजाऱ्यांकडे, आणि नंतर गुराढोरांकडे तो वळे. छातीवर बसून गळा दाबणे ही त्याची नेहमीची रीत; रक्त शोषण्याचा उल्लेख सर्वच वृत्तांतांत येतो असे नाही आणि सुळ्यांच्या दोन खुणा तर जुन्या वृत्तांतांत नाहीतच.

कोण व्हँपायर होतो, याची उत्तरे प्रदेशपरत्वे बदलतात. आत्महत्या केलेला, धर्मबहिष्कृत, दारूबाज, जादूटोण्याचा संशय असलेला, अपघाताने किंवा अकाली मेलेला, ज्याचे अंत्यसंस्कार नीट झाले नाहीत असा, किंवा ज्याच्या प्रेतावरून मांजर उडी मारून गेले असा मनुष्य व्हँपायर होतो, असे मानीत. काही ठिकाणी जन्मापासूनच तशी चिन्हे दिसतात, अशी समजूत होती. पोलंडच्या उत्तरेकडील काशुबियन लोक डोक्यावर वारेचा पडदा किंवा तोंडात दात घेऊन जन्मलेल्या मुलाविषयी ही भीती बाळगीत. अशा व्यक्तीच्या मृत्यूनंतर आधीच काळजी घेतली जाई. पाय बांधणे, प्रेत पालथे पुरणे, तोंडात नाणे किंवा दगड घालणे, हॉथॉर्न या काटेरी झुडपाची मेख ठोकणे हे सामान्य उपाय होते. थडग्यात किंवा वाटेवर खसखस अथवा बाजरीसारखे बारीक दाणे टाकण्याची चालही होती. एकेक दाणा वेचता वेचता त्याची रात्र संपून जावी, हा तिच्यामागील हेतू. उत्तर भारतात बाळंतपणात मेलेल्या स्त्रीची चुडैल होऊ नये म्हणून मोहरी पेरीत व हातापायांच्या नखांत खिळे मारीत, असे विल्यम क्रुक यांनी १८९६ मध्ये नोंदविले आहे. दोन्ही ठिकाणी दाणे आणि लोखंड यावे, हे लक्षणीय आहे. पण एवढ्यावरून एकाने दुसऱ्याकडून ते घेतले असे सिद्ध होत नाही.

प्रेते उकरून नष्ट करण्याची चाल जुनी होती. सर्बियाचा सम्राट स्तेफान दुशान याने १३४९ मध्ये केलेल्या कायदेसंहितेत जादूच्या समजुतीने प्रेते थडग्यांतून काढून जाळणाऱ्या गावाला दंड सांगितला असून, त्यात सहभागी होणाऱ्या धर्मोपदेशकास पदच्युत करण्याची तरतूद आहे. इस्त्रियातील क्रिंगा या गावी १६५६ मध्ये मेलेल्या यूरे ग्रांदो नावाच्या शेतकऱ्याचे प्रेत १६७२ मध्ये गावकऱ्यांनी उकरले व त्याचे मुंडके तोडले. ही हकीकत कार्निओलाचा इतिहासकार व्हाल्व्हासोर (१६४१–९३) याने १६८९ मध्ये प्रसिद्ध केलेल्या ग्रंथात दिली आहे. त्याने वापरलेला शब्द ‘श्त्रिगोन’ असा आहे. ‘व्हँपायर’ हा शब्द त्याला ठाऊक नसावा.

किसिल्येवो व मेद्वेजा येथील प्रकरणे : १७१८ च्या पासारोव्हित्स तहाने उत्तर सर्बिया तुर्कांकडून ऑस्ट्रियाच्या हॅप्सबर्ग सत्तेकडे आला व १७३९ पर्यंत तिच्या ताब्यात राहिला. नव्या सत्तेने तेथे महसुली अधिकारी, लष्करी वैद्य आणि लेखनिक नेमले. पूर्वी गावातल्या गावात मिटणाऱ्या गोष्टी आता कागदावर येऊ लागल्या. अठराव्या शतकात व्हँपायरांची ‘साथ’ आली असे पुष्कळदा लिहिले जाते. ती साथ बऱ्याच अंशी अहवाललेखनाची होती, असे म्हणावयास हरकत नाही.

१७२५ मध्ये किसिल्येवो या गावी पेतार ब्लागोयेविच नावाचा शेतकरी मरण पावला. त्यानंतर आठ दिवसांच्या आत नऊ माणसे प्रत्येकी एका दिवसाच्या आजाराने दगावली. ‘पेतार रात्री येऊन अंगावर पडला व त्याने गळा दाबला’, असे त्यांनी मरण्यापूर्वी सांगितले. त्याची बायको तर तो घरी येऊन आपल्या वहाणा मागू लागला म्हणून गाव सोडून गेली. गावकऱ्यांनी फ्रोमबाल्ट नावाच्या शासकीय अधिकाऱ्याकडे प्रेत उकरण्याची परवानगी मागितली. बेलग्रेडहून आज्ञा येईपर्यंत थांबा, असे तो म्हणाला. तेव्हा तोपर्यंत सगळे गाव नष्ट होईल, तुर्कांच्या अमलात असे एकदा घडले आहे, परवानगी नसेल तर आम्ही गाव सोडतो, असे त्यांनी बजावले. नाइलाजाने फ्रोमबाल्ट ग्रादिश्काच्या धर्मोपदेशकासह तेथे गेला. सुमारे दहा आठवडे पुरलेल्या प्रेताला दुर्गंधी नव्हती, केस व दाढी वाढल्यासारखी दिसत होती, जुनी कातडी सोलून खाली नवी दिसत होती आणि तोंडात ताजे रक्त होते. गावकऱ्यांनी मेख ठोकताच कानांतून व तोंडातून रक्त वाहिले. मग प्रेत जाळण्यात आले. आपल्या अहवालाच्या शेवटी फ्रोमबाल्टने, यात काही चूक झाली असल्यास तिचा दोष मला न देता भीतीने भान हरपलेल्या जमावाला द्यावा, अशी विनंती केली आहे. नव्या मुलखात नेमलेल्या एका कनिष्ठ अधिकाऱ्याची अडचण तिच्यातून स्पष्ट दिसते.

दुसरे प्रकरण अधिक गाजले. पश्चिम मोरावा नदीच्या परिसरातील मेद्वेजा हे गाव सीमेवर पहारा करणाऱ्या ‘हायदुक’ शिपायांचे होते. १७३१ च्या अखेरीस तेथे तीन महिन्यांत सतरा माणसे मेली. साथीच्या रोगाचा संशय येऊन प्रथम ग्लासर नावाचा साथरोगवैद्य पाठविण्यात आला. त्याला संसर्गजन्य रोग आढळला नाही. उपासमार आणि कडक उपवास ही कारणे त्याला दिसली. पण गावकऱ्यांचे समाधान होईना, ते रात्री दोन-तीन कुटुंबे एका घरात जमून आळीपाळीने पहारा करीत होते. तेव्हा योहान फ्ल्युकिंगर या शल्यचिकित्सकाच्या नेतृत्वाखाली लष्करी पथक आले व ७ जानेवारी १७३२ रोजी थडगी उकरण्यात आली. फ्ल्युकिंगरचा अहवाल त्याच महिन्यात बेलग्रेडहून रवाना झाला.

त्यात अर्नाउत पावले याची पूर्वकथा आली आहे. हा हायदुक सुमारे पाच वर्षांपूर्वी गवताच्या गाडीवरून पडून मान मोडल्याने मेला होता. तुर्की सर्बियात असताना आपल्याला एका व्हँपायरने पछाडले होते व त्याच्या थडग्यावरील माती खाऊन आणि त्याचे रक्त अंगाला लावून आपण सुटलो, असे तो हयातीत सांगत असे. त्याच्या मृत्यूनंतर चार माणसे मेली. चाळीस दिवसांनी त्याला उकरून मेख ठोकून जाळले होते. नव्या मृत्यूंचा धागा गावकऱ्यांनी त्याच्याशीच जोडला. त्याने मारलेल्या मेंढ्यांचे मांस ज्यांनी खाल्ले तेही व्हँपायर झाले, असा त्यांचा तर्क होता. फ्ल्युकिंगरने प्रत्येक प्रेताची छाननी वैद्यकीय पद्धतीने केली आहे. वय, आजाराचे दिवस, पुरल्यापासूनचा काळ, छाती उघडल्यावर दिसलेले रक्त, फुप्फुसे, यकृत व आतडी यांची स्थिती हे सर्व त्यात आहे. बाळंतपणात मेलेली वीस वर्षांची स्ताना ही त्यांतलीच एक. मिलित्सा नावाची साठ वर्षांची स्त्री जन्मभर हडकुळी होती, ती थडग्यात लठ्ठ झाली, याचे तेथे जमलेल्या हायदुकांना मोठे आश्चर्य वाटले, अशीही नोंद आहे. जी प्रेते कुजली होती ती परत पुरली गेली. उरलेल्यांची मुंडकी तोडून देह जाळण्यात आले व राख मोरावा नदीत टाकण्यात आली. अहवालाखाली शल्यचिकित्सकांबरोबर लष्करी अधिकाऱ्यांनीही सह्या केल्या. डोळ्यांनी पाहिलेल्या गोष्टी त्यात प्रामाणिकपणे नोंदविल्या आहेत. कुजणे हीच एकमेव नैसर्गिक अवस्था होय, हे गृहीत मात्र कोणीही तपासले नाही.

वादविवाद व बंदी : या अहवालाने जर्मन विद्यापीठांत एकच खळबळ उडाली आणि एक-दोन वर्षांत या विषयावर अनेक पुस्तिका निघाल्या. मिखाएल रान्फ्ट याने त्यापूर्वीच, थडग्यात मृतांनी कफन चावण्याच्या समजुतीवर लाइपसिक येथे प्रबंध लिहिला होता. बेनेडिक्टाइन मठाधिपती ओग्युस्तँ काल्मे (१६७२–१७५७) यांनी १७४६ मध्ये या कथांचा मोठा संग्रह प्रसिद्ध केला. काल्मे श्रद्धाळू होते, पण भोळे नव्हते. मातीचा थर न हलवता देह बाहेर कसा पडतो, हा साधा प्रश्न त्यांना अखेरपर्यंत सुटला नाही आणि तो त्यांनी लपविलाही नाही. व्हॉल्तेअर (१६९४–१७७८) यांनी काल्मेंची यथेच्छ टर उडविली. पॅरिस आणि लंडनमध्ये असली प्रेते नाहीत, दिवसाढवळ्या लोकांचे रक्त पिणारे सट्टेबाज, सावकार आणि मठवासी मात्र आहेत, असा त्यांच्या टीकेचा आशय होता. पुढे मार्क्सनेही भांडवलाला हीच उपमा दिली. मराठीत सावकाराला रक्तपिपासू म्हणण्याची रीत यांपैकी कोणाकडून आलेली नाही.

१७५५ मध्ये मोरेव्हिया-सायलीशियाच्या सीमेवरील हेर्मर्सडॉर्फ येथे एका स्त्रीचे प्रेत उकरून जाळण्यात आले. ही वार्ता कळताच सम्राज्ञी मारिया तेरेसा हिने आपले राजवैद्य गेरार्ट फान स्वीटेन (१७००–७२) यांच्याकडून अहवाल मागविला. थंड हवा, मातीचा प्रकार, पेटीत हवा नसणे या कारणांनी प्रेत दीर्घकाळ टिकू शकते, असे त्यांनी लिहिले. मृतांच्या शांतीचा असा भंग होतो आणि त्यांच्या आप्तांना आपल्या माणसाची राख होताना पाहावी लागते, याबद्दल त्यांनी व्यक्त केलेला संताप त्या अहवालात उठून दिसतो. त्यानंतर मध्यवर्ती शासनाच्या परवानगीवाचून थडगी उकरण्यास बंदी करण्यात आली. या राज्यात चेटकिणींवरील खटल्यांना आळा बसला, तोही याच सुमारास. दोन समजुतींतील एक फरक येथे ध्यानात ठेवला पाहिजे. चेटकिणीचा संशय जिवंत स्त्रीवर येतो आणि तिचा जीव घेतो. व्हँपायरचा संशय मृतावर येतो. त्या अर्थाने ही समजूत कमी घातक ठरली. आप्तांची विटंबना मात्र ती टाळू शकली नाही.

शास्त्रीय उलगडा : प्रेताच्या कुजण्याचा क्रम लक्षात घेतला, म्हणजे फ्रोमबाल्ट व फ्ल्युकिंगर यांनी पाहिलेले बहुतेक सर्व काही समजते. मृत्यूनंतर आतड्यांतील सूक्ष्मजंतू वायू निर्माण करतात. त्यांमुळे पोट व छाती फुगतात. हडकुळी मिलित्सा लठ्ठ झाली ती यामुळेच. वायूच्या दाबाने फुप्फुसांतील तांबूस द्रव तोंडानाकावाटे बाहेर येतो व तो रक्तासारखा दिसतो. गोठलेले रक्त काही परिस्थितींत पुन्हा पातळ होते. वरची त्वचा सुटून निघते आणि खाली दिसणारा ओला, लालसर थर नव्या कातडीसारखा भासतो. नखे गळून त्यांखालची जागा नव्या नखांसारखी दिसते. नखे आणि दाढी प्रत्यक्षात वाढत नाहीत. भोवतालची त्वचा आक्रसल्यामुळे ती अधिक उघडी पडतात. फुगलेल्या छातीत मेख मारली, की कोंडलेली हवा स्वरयंत्रातून जोराने निघते आणि प्रेत ओरडल्याचा भास होतो. उघड्यावर एका आठवड्यात जेवढी कुजण्याची क्रिया होते, तेवढीच जमिनीखाली होण्यास सुमारे आठ आठवडे लागतात, असा न्यायवैद्यकातील एक जुना ठोकताळा आहे. थंडीत हा काळ आणखी लांबतो. मेद्वेजातील थडगी जानेवारीत उकरली गेली होती. अमेरिकन लेखक पॉल बार्बर यांनी १९८८ मध्ये या दृष्टीने जुन्या अहवालांची केलेली फेरतपासणी उद्‌बोधक आहे.

यामागील सामाजिक तर्कही समजण्यासारखा आहे. घरात एक मनुष्य मरतो, मग त्याच्या शुश्रूषेत असलेली माणसे आजारी पडतात, त्यानंतर शेजारी. हे संक्रमणाचे अचूक निरीक्षण आहे. कारण मात्र चुकीचे जोडलेले आहे. अमेरिकेतील न्यू इंग्लंड भागात एकोणिसाव्या शतकात क्षयामुळे कुटुंबेच्या कुटुंबे मरत असताना लोकांनी असाच विचार केला. ऱ्होड आयलंडमधील एक्झिटर येथे १८९२ च्या जानेवारीत मर्सी ब्राउन ही तरुणी क्षयाने वारली. मार्चमध्ये तिचे प्रेत उकरून हृदय जाळण्यात आले व त्याची राख तिच्या आजारी भावाला औषध म्हणून देण्यात आली. तोही लवकरच मरण पावला. रॉबर्ट कॉख यांनी क्षयाचा जंतू शोधून काढल्याला तेव्हा दहा वर्षे झाली होती. तेथील लोक ‘व्हँपायर’ हा शब्द वापरीत नसत. तो वृत्तपत्रांनी लावला. पोर्फिरिया या रक्तविकारातून ही कल्पना निघाली, असे मत १९८५ मध्ये मांडण्यात आले होते. सूर्यप्रकाशाची भीती हा त्याचा मुख्य आधार; पण लोकसमजुतीत ती नसल्याने या मतात तथ्य नाही. पिसाळरोगाशी संबंध जोडणारे १९९८ मधील मतही अंशतःच लागू पडते.

पुरातत्त्वीय उत्खननांत पालथी पुरलेली, मानेवर विळा ठेवलेली किंवा तोंडात वीट घातलेली सांगाडे सापडतात, तेव्हा वृत्तपत्रे ‘व्हँपायरचे थडगे’ असा मथळा देतात. पोलंडमधील द्राव्हस्को येथील सतराव्या-अठराव्या शतकांतील दफनभूमीत असे काही सांगाडे मिळाले. ते परक्या लोकांचे असावेत असा समज होता. दातांतील स्ट्रॉन्शियमच्या समस्थानिकांची तपासणी २०१४ मध्ये प्रसिद्ध झाली. तीवरून ही माणसे स्थानिकच असल्याचे दिसले. पटकीसारख्या साथीत प्रथम बळी पडलेल्यांना असे पुरले असावे, अशी शक्यता संशोधकांनी मांडली आहे. प्रत्येक विळ्याचा अर्थ भीती असाच लावणे मात्र धोक्याचे आहे.

ग्रीस व जर्मनी : ग्रीकांचा व्ह्रिकोलाकास हा रक्तपिपासू असण्यापेक्षा उपद्रवी अधिक. तो दारे ठोठावतो, भांडी फोडतो, मद्याची बुधली रिकामी करतो. ऑर्थोडॉक्स चर्चच्या बहिष्कारामुळे प्रेत कुजत नाही व ढोलासारखे ताठ होते, या समजुतीने तेथे ही कल्पना दृढ केली. फ्रेंच वनस्पतिशास्त्रज्ञ तूर्नफॉर (१६५६–१७०८) यांनी मिकोनॉस बेटावर अशा एका प्रेताचा छळ प्रत्यक्ष पाहिला. हृदय काढले, धूप जाळला, तलवारी खोचल्या तरी गोंधळ थांबेना, तेव्हा अखेर १७०१ च्या आरंभी प्रेत जाळण्यात आले. धुपाचा धूर व दुर्गंधी यांनी लोकांची डोकी फिरली, असे त्यांनी कोरडेपणाने लिहून ठेवले आहे. सांतोरिनी बेटावर असली प्रेते एवढी मुबलक समजत, की तेथे व्ह्रिकोलाकास पाठविणे ही म्हणच पडली. समुद्राला मीठ विकण्यासारखाच तिचा अर्थ. जर्मनीतील ‘नाखत्सेरर’ थडग्यातून उठतच नाही. तो आत पडून आपले कफन चघळतो आणि तेवढ्याने दूरचे आप्त झिजून मरतात.

अन्य संस्कृतींतील तत्सम कल्पना : जगातील रक्तपिपासू भुतांच्या लांबलचक याद्या विसाव्या शतकात तयार करण्यात आल्या आणि त्यांत ज्या त्या देशाच्या पिशाचाला ‘तेथील व्हँपायर’ ठरविले गेले. या याद्या सावधपणे वापराव्यात. चीनचा ‘ज्यांगशी’ हा ताठरलेला, उड्या मारीत चालणारा मृतदेह होय, तो प्राणशक्ती हरण करतो. घाना-टोगोमधील एवे लोकांचा ‘आद्झे’ काजव्याच्या रूपाने घरात शिरतो. तो मृत नसून चेटक्याची शक्ती आहे. मलायातील ‘पेनांगालान’ म्हणजे आतडी लोंबत उडणारे स्त्रीचे शिर, आणि फिलिपीन्समधील ‘मानानांगाल’ कमरेपासून वर सुटून उडते. या दोघी दिवसा जिवंत स्त्रियांसारख्या वावरतात. बाळंतपणात मेलेल्या स्त्रीची होणारी ‘पोंटियानाक’ आपल्या अळवंतिणीची बहीण शोभेल. बाळंतिणी व अर्भके यांच्यावर घाला घालणाऱ्या बॅबिलोनियाच्या लमश्तूपासून आपल्या पूतनेपर्यंतची परंपराही अशीच वेगळी आहे. बालमृत्यूच्या भयातून ती निघाली असून कबरीशी तिचे नाते नाही.

भारतीय वेताळाला व्हँपायर म्हणण्याचा प्रघात रिचर्ड बर्टन यांच्यामुळे पडला. वेताळपंचविशीचे रूपांतर त्यांनी १८७० मध्ये इंग्रजीत केले, तेव्हा शीर्षकात विक्रमाच्या जोडीला व्हँपायर बसविला. सोमदेवाच्या अकराव्या शतकातील कथासरित्सागरात आलेला वेताळ झाडावर लटकणाऱ्या परक्या प्रेतात शिरतो, राजाला न्यायाचे कूटप्रश्न घालतो आणि शेवटी कपटी योग्यापासून त्याचा जीव वाचवितो. रक्त पिणे हे त्याचे काम नाही. कोकण व गोव्यात तर वेताळ गावाचा राखणदार देव आहे. वेंगुर्ले तालुक्यातील आरवलीच्या वेतोबाला भक्त मोठ्या चामडी वहाणा वाहतात. रात्री गावाभोवती फिरून त्या झिजतात, अशी श्रद्धा आहे. अशा देवाचे भाषांतर ‘व्हँपायर’ करणे म्हणजे ग्रामसंस्कृतीचा एक मोठा भाग पुसून टाकणे होय.

मराठी मुलखातील भुतांची नावे पुष्कळ आहेत : मुंजा, समंध, हडळ, लावसट, जखीण, खवीस, गिऱ्हा, देवचार इत्यादी. मृताचे वय, लिंग, जात, विवाहाची स्थिती आणि अपुरी राहिलेली इच्छा यांवरून ही नावे पडली आहेत. मुंज झाली पण लग्न झाले नाही, असा मुलगा पिंपळावरचा मुंजा होतो. ही भुते मुख्यतः झपाटतात. म्हणजे जिवंत माणसाच्या अंगात शिरून त्याच्या तोंडून आपली मागणी सांगतात व ती पुरविली की जातात. व्हँपायर काही मागत नाही आणि अंगातही येत नाही. हा भेद बहुधा अंत्यविधीच्या भेदातून आला असावा. दहन झाल्यावर उठण्यास देहच उरत नाही. म्हणून आपल्या भुताला दुसऱ्याचा देह घ्यावा लागतो. यूरोपीय गावकऱ्याचा शेवटचा उपायही अखेर दहन हाच होता. रक्तपिपासेची कल्पना आपल्याकडे आढळते ती मुख्यतः डाकिणीच्या संदर्भात, आणि तिचा रोख पुन्हा जिवंत स्त्रीकडे वळतो. हे दूर अतीतातले नाही. भूत लागल्याच्या नावाखाली होणारी मारहाण, तसेच कोणी चेटूक करतो असे भासवून त्याचा छळ करणे, यांना महाराष्ट्राच्या २०१३ च्या जादूटोणाविरोधी अधिनियमाने गुन्हा ठरविले आहे.

साहित्य व चित्रपट : खेडुताचे हे फुगलेले प्रेत साहित्यात शिरताच उमराव बनले. गटेच्या १७९७ मधील काव्यात ते प्रियकराकडे परत येणारी वधू झाले होते. जॉन पॉलिडोरी (१७९५–१८२१) हा कवी बायरनचा वैद्य. १८१९ मध्ये प्रसिद्ध झालेल्या त्याच्या कथेतील लॉर्ड रुथवेन या थंड, मोहक सरदाराने पुढील सर्व व्हँपायरांना वळण लावले. आयरिश लेखक ल फॅन्यूची कार्मिला १८७२ मध्ये आली व ब्रॅम स्टोकर (१८४७–१९१२) यांची ड्रॅक्युला ही कादंबरी १८९७ मध्ये. ड्रॅक्युला हे नाव स्टोकरना वालेकियाविषयीच्या विल्किन्सनच्या १८२० च्या पुस्तकात सापडले. पंधराव्या शतकातील वालेकियाचा राजा तिसरा व्लाद याने शत्रूंना सुळावर चढविले हे खरे. पण रूमानियन लोकपरंपरेत तो व्हँपायर मानला जात नसे. स्टोकरचा ड्रॅक्युला दिवसाही हिंडतो. सूर्यकिरणांनी व्हँपायर नष्ट होतो ही कल्पना मुर्नाऊ यांच्या नोसफेरातू (१९२२) या जर्मन मूकपटातून आली. आज ती पुरातन समजूत म्हणून सर्वत्र सांगितली जाते.

वटवाघळाची जोडही उशिराचीच. रक्तावर जगणाऱ्या वटवाघळांच्या तीनच जाती असून त्या मध्य व दक्षिण अमेरिकेतच आढळतात. त्यांना यूरोपीय भुतावरून नाव मिळाले, भुताला त्यांच्यावरून नव्हे. लिनीअस (१७०७–७८) याने १७५८ मध्ये ‘व्हँपिरस’ हे जातिनाम दिले, ते आग्नेय आशियातील फळे खाणाऱ्या एका मोठ्या वटवाघळाला. भारतातील लायरोडर्मा लायरा हे वटवाघूळही ‘खोटे व्हँपायर’ या नावाने ओळखले जाते. ते कीटक, बेडूक, उंदीर पकडून खाते, रक्त शोषत नाही.

अलीकडील घटना : रूमानियातील मारोतिनु दे सुस या खेड्यात २००४ मध्ये काही नातेवाइकांनी आपल्या एका मृत आप्ताचे प्रेत उकरले, हृदय जाळले व आजारी माणसाला ती राख पाण्यातून पाजली. त्यांच्यावर खटला होऊन शिक्षा झाली. आपण गुन्हा केला असे त्यांना वाटत नव्हते. आफ्रिकेतील अफवांचे स्वरूप निराळे आहे. वसाहतकाळात पूर्व आफ्रिकेत अग्निशामक दलाचे लोक आफ्रिकी माणसांना पकडून त्यांचे रक्त काढतात, अशी बोलवा होती. इतिहासकार लुईझ व्हाइट यांनी २००० मध्ये प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात तिचा संबंध परकी सत्ता, वैद्यक व मजुरी यांविषयीच्या अविश्वासाशी जोडला आहे. मलावीच्या दक्षिण भागात २०१७ च्या सप्टेंबर-ऑक्टोबरमध्ये रक्तशोषकांची अफवा पसरली, तेव्हा जमावांनी अनेक निरपराध माणसांना ठार मारले. संयुक्त राष्ट्रांना मुलांजे व फालोंबे या जिल्ह्यांतून आपले कर्मचारी हलवावे लागले आणि शासनाने तेथे रात्रीची संचारबंदी लागू केली.